नाकाचा भरवसा



आज खताबियाण्याचे काही सांगणार नाही. तुमच्या-माझ्या नाकाविषयी बोलायचे आहे.

आधी घरी एक खेळ करून पाहा. तीन घमेली घ्या. एकात सोसवेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात माठातले गार, तिसऱ्यात कोमट. डावा हात गरम पाण्यात आणि उजवा गार पाण्यात मिनिटभर धरा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. डावा म्हणेल पाणी गार आहे, उजवा म्हणेल ऊन आहे. पाणी एकच, माणूस एकच, साक्षी मात्र दोन! जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६९० च्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट लिहून ठेवली आहे. पोरांना दाखवा, फार मजा वाटते त्यांना.

असे का होते? पाणी नेमके किती गरम हे कातडीला फारसे कळत नाही. मघापेक्षा गरम की गार, एवढे चटकन कळते. आपल्या इंद्रियांचा धर्मच असा की बदल झाला की वर्दी द्यायची, तेच ते चालू राहिले की गप्प बसायचे. नवी नथ घातली की टोचते, तासाभराने तिची आठवणही राहत नाही. इंद्रियांनी दिलेल्या वर्दीला मानसशास्त्रात संवेदन म्हणतात आणि मेंदू तिचा जो अर्थ लावतो त्याला अवबोध. नावे विसरलात तरी चालेल.

नाक तर या बाबतीत फार लवकर थकते. गोठ्यात पाहुणा आला की नाकाला रुमाल लावतो, धार काढणाऱ्या माउलीला मात्र काहीच जाणवत नाही.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका वस्तीवर माझ्या हातून मोठी चूक होणार होती. तिथे गोबरगॅसची स्लरी एका जुन्या विहिरीत सोडत असत. तीत बादली पडली होती. आम्ही काठाशी गेलो तेव्हा नासक्या अंड्यांसारखा उग्र वास आला. तिथेच बोलत उभे राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी अण्णांनी विचारले, "साहेब, पोराला उतरवू का?" मी हुंगून पाहिले आणि म्हणालो, "वास गेलाय अण्णा, हरकत नाही."

पोराने कमरेला दोर बांधला. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि दहा पावलांवरूनच पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अगं बाई, केवढी ही घाण!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वास तिथेच होता, आमची नाकेच गप्प बसली होती.

त्या वासाचा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की झणझणीत वास येतो. फार झाला की वास घेण्याची शक्तीच तो बधिर करतो, म्हणजे धोका वाढला की वास नाहीसा! त्याच्या जोडीला असणाऱ्या कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांना तर वासच नाही. स्लरी ढवळली गेली की आत अडकलेला वायू एकदम उसळून वर येतो. ९ एप्रिल २०२४ रोजी नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी अशाच विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला आणि मग आत गेलेल्यांना वाचवायला माणसे एकामागून एक उतरली. पाच जण दगावले.

म्हणून अशा विहिरीत किंवा खड्ड्यात कोणीही उतरू नका, काठावरून वाकूनही पाहू नका. कंदील सोडून बघण्याची जुनी रीत इथे मुळीच नको, मिथेन पेट घेतो. कोणी आत पडलेच तर मागोमाग उडी टाकू नका, अग्निशमन दलाला बोलवा. वाट पाहणे फार जड जाते हे मला ठाऊक आहे. फवारणीचेही तसेच. अर्ध्या तासाने औषधाचा वास जाणवेनासा होतो, म्हणून तोंडावरचा मास्क उतरवू नका.

त्या दिवशी पोराचा दोर मीच सोडला. गाठ सुटता सुटेना, माझीच बोटे थरथरत होती. वहिनींचा चहा तसाच निवून गेला. बादली कोणी काढली नाही. पुढच्या महिन्यात अण्णांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली.