पुण्यकोटी आणि उपाशी वाघ

‘गोविन हाडु’, म्हणजे गाईचे गाणे, हे कन्नडातले जुने कथागीत. कर्नाटकातल्या शाळेत शिकलेल्याला ते ठाऊक नाही असे सहसा होत नाही, मग त्याच्या घरची भाषा कोणतीही असो. धारवाड-हुबळीचा मुलूख १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. इथली अनेक मराठी घरे तेव्हापासूनची किंवा त्याही आधीची, आणि त्यांतल्या मुलांचे मराठी घरात, कन्नड शाळेत असे चालत आले आहे. शाळेच्या पुस्तकात किंवा रंगीत चित्रांच्या पातळशा पुस्तकात त्यांना ही गाय भेटते. चित्रात पांढरीशुभ्र गाय, पट्टेरी वाघ, कडेला वासरू. पान उलटेपर्यंत गोष्ट निरुपद्रवी दिसते.

काळिंग नावाचा गवळी असतो. त्याच्या कळपातली पुण्यकोटी रानात मागे राहते आणि अर्बुत नावाच्या उपाशी वाघाच्या तावडीत सापडते. घरी वासरू भुकेले आहे, त्याला पाजून परत येते, असा शब्द ती देते. वाघ तिला सोडतो. ती गोठ्यात येते, वासराला पाजते आणि आपण मरायला जात असल्याचे त्याला सरळ सांगते. इथपर्यंत ऐकताना मुलापेक्षा गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाचाच आवाज आधी कापरा होतो. वासराचे प्रश्न अगदी साधे असतात: दूध कुणाचे प्यायचे, निजायचे कुणाजवळ?

यानंतरचा भाग गोठा जवळून पाहिलेल्यानेच रचला असला पाहिजे. पुण्यकोटी बाकीच्या गाईंपुढे उभी राहते आणि पोरके वासरू जवळ आले तर त्याला हुसकू नका, अशी त्यांची विनवणी करते. दुसरीचे वासरू कासेला लागले की गाय लाथ झाडते, शिंग उगारते, हे दूध काढणाऱ्या कुणालाही माहीत असते. म्हणजे मरायला निघालेली आई इथे तत्त्वज्ञान सांगत बसत नाही. आपल्यामागे लेकराच्या दुधाचे काय, याची तजवीज करते. एस. एल. भैरप्पांनी आपल्या ‘तब्बलियु नीनादे मगने’ या कादंबरीचे नाव या गीतातूनच उचलले. ‘बाळा, तू पोरका झालास’ असा त्याचा अर्थ. पुढे गिरीश कार्नाड आणि ब. व. कारंत यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

पुण्यकोटी शब्दाप्रमाणे परतते आणि वाघापुढे उभी राहते. वाघाला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटते. तो तिला खात नाही, उंच झेप घेतो आणि प्राण सोडतो.

मोठी माणसे या शेवटाला दचकतात ती उशिरा. शाळेत गाणे पाठ होते, संमेलनात कागदी मुखवट्याचा वाघ धाडकन पडतो, टाळ्या वाजतात. पुढे स्वतःच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचताना मात्र लक्षात येते की वाघाने गुन्हा काहीच केला नव्हता. त्याला भूक लागली होती, एवढेच. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टराचे ‘स्ट्रुवेलपीटर’ हे चित्रपुस्तक १८४५ साली निघाले. त्यातही मुले मरतात. काड्यापेटीशी खेळणारी जळते, सूप नाकारणारा खंगतो. पण तिथे मरण ही खोडीची शिक्षा आहे, आणि शिक्षेचा हिशेब मुलांना चटकन कळतो. अर्बुताच्या मरणाला असा हिशेब नाही. पद्मपुराणातल्या नंदा गाईच्या कथेत तो आणून ठेवला आहे: तिथला वाघ मुळात शापित राजा असतो आणि गाईच्या सत्यामुळे त्याला मुक्ती मिळते. कन्नड गीतातला वाघ नुसता वाघच आहे. त्याला जंगलात सुखरूप परत धाडून गोष्ट गोड करणारेही भेटतात. पण मग तो उद्या काय खाईल, हा मुलाचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर नसते.

मराठी घरातल्या मुलाला गाई-वासरांची याहून भयंकर गोष्ट बहुधा आधीच ऐकून माहीत असते. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेला, सांगितली जाणारी कहाणी अशी: सासू शेतावर जाताना सुनेला गहू-मूग शिजवून ठेवायला सांगते. सून गोठ्यातली गव्हाळी-मुगाळी वासरे चिरून शिजवते. सासू देवापुढे बसते, आणि संध्याकाळी गाई परततात तेव्हा वासरे उड्या मारत त्यांच्याकडे धावतात. श्रीधरस्वामींच्या ‘शिवलीलामृता’च्या चौदाव्या अध्यायातला श्रियाळ राजाचा मुलगा चिलयाही असाच परत येतो, आईने त्याला अतिथीसाठी रांधल्यावर. या श्रियाळाला कन्नड मुलखातले शिवभक्त सिरियाळ म्हणून ओळखतात. अशा कहाण्यांत कितीही रक्त सांडले तरी शेवटी सगळे जागच्या जागी येते. बहुधा म्हणूनच आज्या त्या निवांत सांगू शकतात.

वरच्या इयत्तांत कधीतरी ‘केरेगे हार’ हे लोकगीत समोर येते, आणि तिथे कुणीच परत येत नाही. कल्लनकेरीच्या तळ्याला पाणी लागत नाही. ज्योतिषी सांगतो, गौडाच्या घरची सून बळी द्या. थोरलीला द्यावे तर घर कोण सांभाळणार? म्हणून धाकट्या भागीरथीवर बोट ठेवले जाते. ती माहेरी जाऊन येते, सासरची कामे करते आणि तळ्यात उतरते. पाणी पायरीपायरीने वर चढते. फौजेत असलेला नवरा घरी येतो, त्याला कळते, आणि तोही त्याच तळ्यात उडी घेतो. तळे भरलेलेच राहते. पुण्यकोटीला निदान विनवणी करायला गोठ्यातल्या गाई होत्या. भागीरथी माहेरी आणि मैत्रिणीपाशी जाते, पण तिला थांबवायला कुणीच पुढे येत नाही.