काठावरचं माणूस

हॉस्टेलमध्ये रात्री दहाला दिवे बंद व्हायचे. मग पांघरुणात तोंड खुपसून, फोनचा ब्राइटनेस अगदी कमी करून मी गोष्टी वाचायचे. इंग्रजी, बहुतेक फुकट मिळणाऱ्या, कुणीतरी टोपणनावानं लिहिलेल्या. साचा ठरलेला असायचा. गावाबाहेर एकटी राहणारी चेटकीण. तळ्याच्या तळाशी राहणारी, माणसासारखी दिसणारी पण माणूस नसलेली बाई. दोघींची भेट, एक करार, रक्ताचा एखादा थेंब, आणि मग असं प्रेम की त्यात कुणाचा तरी जीव जाणार याची धाकधूक शेवटपर्यंत राहते. रूममेटला वाटायचं, मी कुणा मुलाशी चॅट करतेय. मी तिला तसं वाटू दिलं.

मला मुली आवडतात हे तेव्हा माहीत होतं, पण ते वाक्य मी मराठीत मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. मराठीत माझ्यासमोर उदाहरण एकच होतं, तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’. 1981 मध्ये रंगभूमीवर आलेलं हे नाटक मी लायब्ररीत उभ्या उभ्या वाचलं. मित्रा शेवटी जीव देते. मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि मेसवर जेवायला गेले, पण घास उतरेना. त्या मानानं तळ्यातल्या बायांची मला कधी भीती वाटली नाही. त्या निदान शेवटच्या पानापर्यंत टिकायच्या, एकमेकींकडे बघायच्या, भांडायच्या.

या गोष्टींचं मूळ शोधत मी हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या ‘द लिटिल मर्मेड’पर्यंत पोचले. डिस्नेच्या 1989 च्या सिनेमात जलपरीचं लग्न होतं. 1837 च्या मूळ गोष्टीत होत नाही. समुद्रातली चेटकीण पायांच्या बदल्यात तिची जीभच कापून घेते. तिचं प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं, आणि राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. अँडरसनचा एडवर्ड कोलिन नावाच्या मित्रावर जीव होता. त्यानं एडवर्डला लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. एडवर्डचं लग्न 1836 मध्ये झालं, पुढच्याच वर्षी ही गोष्ट छापून आली. त्यामुळे अनेक अभ्यासक तिच्याकडे बोलता न आलेल्या प्रेमाची गोष्ट म्हणून बघतात. डिस्नेची चेटकीण, उर्सुला, तर डिव्हाइन या अमेरिकन ड्रॅग कलाकारावरून रंगवलेली. म्हणजे चेटकीण आणि जलपरी आमच्यातल्याच, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

पण एक गोष्ट तेव्हा नजरेतून सुटली. त्या कथेत सगळ्यात सरळ वागते ती चेटकीणच. ती आधीच सांगते, हा मूर्खपणा आहे, दुखेल, आवाज जाईल. किंमत कळल्यावर जलपरी हो म्हणते. मला कुणी किंमत सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही.

माझं पहिलं प्रेम अशाच एखाद्या गोष्टीसारखं सुरू झालं. निदान मी ते तसं वाचलं. ती दोन वर्षांनी मोठी होती. नियम एकच होता, कुणालाही सांगायचं नाही. फोटो काढायचे आणि दोघींनी बघून डिलीट करायचे. आपलं हे जग पाण्याखालचं आहे, असं मला वाटायचं आणि ते वाटणं आवडायचंही. मग ती माझा फोन बघायला लागली. मग कुणाशी बोलायचं ते ठरवायला लागली. एका संध्याकाळी तिनं माझ्या हातातून फोन घेऊन तीन मैत्रिणींचे नंबर ब्लॉक केले आणि म्हणाली, ‘‘तुला माझ्याशिवाय कोण लागतं?’’ मी घाबरले नाही. शहारले. हे वाक्य मी शंभर वेळा वाचलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते प्रेमाचं वाक्य होतं.

असे चौदा महिने गेले. तिनं एकदा मनगट इतकं जोरात धरलं की वळ उठले. मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून लेक्चरला गेले. सांगणार कुणाला? मारलं हे सांगायचं, तर आधी प्रेम आहे हे सांगावं लागलं असतं. तेव्हा कळलं, आवाज मी पहिल्याच दिवशी देऊन बसले होते.

त्या दिवाळीत मी गावी गेले. आमच्या मळ्यातल्या विहिरीजवळ शेंदूर फासलेले सात दगड आहेत, साती आसरांचे. आजी त्यांना हळदकुंकू वाहते, हिरव्या बांगड्या ठेवते. या पाण्यातल्या बाया माणसाला ओढून नेतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. आसरा म्हणजे अप्सराच, शब्द झिजून असा झालेला. पण निवाऱ्यालाही आपण आसराच म्हणतो. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी, उच्चार मात्र एकच. मलाही तेव्हा यातला कुठला आसरा मिळाला होता ते ओळखता येत नव्हतं.

मी आजीला विचारलं, ‘‘आसरा खरंच नेतात?’’

ती बांगड्या ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘नेत असतील. म्हणून काय पवायचं सोडतंय व्हय कुणी? काठावर मानूस असल्याबिगर उतरायचं न्हाई, एवढंच.’’

तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. अजूनही नाही. ती रोजच्या व्यवहारातलं बोलत होती.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी रूममेटला सगळं सांगितलं. आधी प्रेमाचं, मग वळांचं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे तो मुलगा नव्हताच? मी वर्षभर त्याला मनातल्या मनात शिव्या देतेय.’’ आणि मग, ‘‘मनगट दाखव.’’ पुढचे दोन महिने ती मला एकटीला खाली जाऊ देत नव्हती. मी त्या नात्यातून बाहेर आले ते तिच्यामुळे.

या गोष्टी मी अजून वाचते. गोष्टीतल्या बाईनं बुडवलं तर पुस्तक मिटता येतं, हे मला माहीत आहे, आणि अंधारातलं प्रेम वाचायची ओढ काही वाईट नाही. फक्त आता वाचताना मी काठावर कोण आहे ते बघते. ज्युलिया आर्मफिल्डच्या 2022 च्या ‘अवर वाइव्ह्ज अंडर द सी’मध्ये लिआ खोल समुद्रातून परत येते, पण हळूहळू पाणीच होत जाते. तिची बायको मीरी तिला घट्ट धरून ठेवत नाही. शेवटी तिला समुद्रापर्यंत नेते आणि सोडते. ते पान वाचून मी खूप रडले.

आता माझ्या आयुष्यात एक मुलगी आहे. पहिल्याच महिन्यात मी तिला सांगून टाकलं, आपल्याबद्दल माझ्या एका मैत्रिणीला माहीत असणार, हे चालणार नसेल तर आत्ताच सांग. ती म्हणाली, ‘‘माझ्या दोघींना आधीच माहितीये.’’