शिथिल आणि शांत

गेल्या वर्षी एका पशुवैद्य स्नेह्यांनी आम्हा दोघांकडे एक लहानसे काम सोपवले. घोड्याला शस्त्रक्रियेपूर्वी कोणती औषधे देतात, हे घोडेमालकांना सांगणारे चार पानांचे इंग्रजी टिपण त्यांना मराठीत हवे होते. मराठीचे अध्यापन करण्यात दोन दशके गेल्यामुळे आम्हाला ते एका संध्याकाळचे काम वाटले.

टिपणातील मुख्य औषध होते ग्वायफेनेसिन. हेच नाव आमच्या घरातील खोकल्याच्या बाटलीवर पाहून प्रथम गंमत वाटली. माणूस कफ सुटावा म्हणून जे चमच्याने घेतो, तेच घोड्याला शिरेतून, सलाइनसारखे देतात. मात्रा वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम. म्हणजे 450 किलोच्या घोड्याला 5 टक्क्यांचे द्रावण 450 ते 900 मिलिलिटर लागते. द्रावण फार तीव्र केले तर तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून ते इतके पातळ ठेवायचे. हे औषध थेट स्नायूवर काम करीत नाही. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या बुंध्यात एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवणाऱ्या ज्या मध्यस्थ पेशी असतात, त्यांना ते मंदावते. पाय डगमगू लागतात. श्वासपटल मात्र योग्य मात्रेत आपले काम करीत राहते. मग केटामिनसारखे भुलीचे औषध देऊन घोड्याला धडपडू न देता आडवे करतात.

'रिलॅक्स्ड' या शब्दापाशी आम्ही लिहिले : 'या औषधाने घोडा शांत होतो.' वाक्य कानाला बरे वाटले.

पशुवैद्यांनी नेमके तेच खोडले. म्हणाले, "सर, घोडा शांत नाही होत, शिथिल होतो. थोडी गुंगी येते, पण वेदना घालवण्याचे काम याचे नाही. मालकाने 'शांत' असे वाचले तर म्हणेल, झाले की, आता चालवा सुरी."

ही भीती काल्पनिक नव्हती. पूर्वी घोड्यांचे खच्चीकरण कित्येकदा केवळ सक्सिनिलकोलिन देऊन उरकले जाई. ते औषध चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरच निरोप अडवते. शुद्ध आणि वेदना दोन्ही जागी राहतात. घोडा निपचित पडे, आणि पाहणाऱ्यांना ते पुरेसे वाटे. वास्तविक ही गोष्ट फार आधी कळलेली होती. 1814 मध्ये लंडनमध्ये चार्ल्स वॉटरटन यांच्या प्रयोगात एका गाढवीला क्युरारे हे बाणांचे विष टोचण्यात आले. ती मेल्यासारखी पडली. श्वासनलिका उघडून भात्याने हवा भरत राहिल्यावर ती उठली आणि पुढे अनेक वर्षे जगली. पुढे क्लोद बर्नार यांनी दाखवून दिले की, क्युरारेने हालचाल थांबते, संवेदना नव्हे.

आमच्या चुकीला अज्ञान हे निमित्त पुरत नाही. शांतरस आम्ही दरवर्षी शिकवतो. त्याचा स्थायीभाव शम मानावा की निर्वेद, हा वाद विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. दोहोंपैकी काहीही मानले तरी तो चित्ताचा भाव आहे, अवयवांचा नव्हे. तरीही समोरचा हलत नाही, एवढ्यावरून त्याच्या चित्ताविषयी आम्ही निर्वाळा दिला होता.

त्या रात्री परतताना दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती, हे बोलल्यावर कळले. विद्यार्थ्यांना द्यायच्या शिफारसपत्रांत आम्ही वर्षानुवर्षे 'स्वभाव शांत' असे लिहीत आलो आहोत. शेवटच्या बाकावरची, तीन वर्षांत एकही प्रश्न न विचारलेली एक मुलगी तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर शिक्षण सोडून गेली. तिच्या घरी काय चालले होते, ते नंतर कळले. तिच्या पत्रातही आम्ही तेच दोन शब्द लिहिले होते.

टिपणातले वाक्य आता असे आहे : 'या औषधाने घोड्याचे स्नायू शिथिल होतात, वेदना थांबवण्यासाठी वेगळे औषध द्यावे लागते.' शिफारसपत्रांसाठी मात्र असे सरळ वाक्य आम्हाला अजून सापडलेले नाही. तूर्त आम्ही तो रकाना भरण्यापूर्वी विद्यार्थ्याला बोलावून घेतो.