ठिपके आणि ऊन

मे महिन्यात चिमूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर गेला की माणूस डोक्याला दुपट्टा बांधतो. झेरोडर्मा पिगमेंटोझम झालेल्या लेकराला तेवढ्यानं भागत नाही. त्याचं वैर उष्णतेशी नाही, अतिनील किरणांशी आहे. ते किरण श्रावणातल्या ढगांतूनही येतात.

*

दोन वर्षांच्या आतच गालांवर, नाकावर, पालथ्या हातांवर तपकिरी ठिपके. उजेडात डोळे किलकिले, पाणी वाहतं. झग्याखालचं अंग मात्र बरंच स्वच्छ, गळ्याशी रेघ आखल्यासारखं. ते झगा काढल्याशिवाय दिसत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत झगा कोण काढतो?

*

आपल्याकडे कातडीवर काही उठलं की पहिला संशय कुष्ठाचा. आनंदवनाच्या शेजारच्या तालुक्यात तो रास्तच. पण कुष्ठाच्या चट्ट्यावर कापूस फिरवला तर बहुधा कळत नाही. इथं लेकरू लगेच हात मागं घेतं.

*

मोरिट्झ कपोसीनं १८७४च्या सुमारास या आजाराचं वर्णन केलं. कारण १९६८मध्ये जेम्स क्लीव्हरनं दाखवलं. ऊन सगळ्यांच्याच पेशींतला डीएनए बिघडवतं. आपली पेशी खराब तुकडा कापून नवा बसवते, यांची पेशी ते करू शकत नाही. विशीच्या आत त्वचेच्या कर्करोगाचा धोका सुमारे १०,००० पट. पहिली गाठ आठव्या-नवव्या वर्षीच येऊ शकते.

*

‘आमच्या सात पिढ्यांत कोणाला नाही.’ खरं असेल, तरी आजार आनुवंशिकच. आईबाप धडधाकट, पण दोघांकडे एकेक सदोष जनुक. दर बाळंतपणात चारात एक शक्यता. मामाच्या पोरीशी लग्न झालेल्या घरात ती जुळणी सोपी होते. ग्रहण पाहिलं म्हणून आईला बोल लावणं बंद करा.

*

मुळापासून बरं करणारं औषध नाही. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, कडांनी बंद गॉगल, खिडकीच्या काचेला किरण अडवणारी फिल्म, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. कातडीची आणि डोळ्यांची नेमानं तपासणी, गाठ लहान असतानाच काढणं. आणि सनस्क्रीन, रोज, जन्मभर. तेंदूपत्त्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरानं ती ट्यूब कुठून आणायची? दुकानात ती गोरेपणाच्या क्रीमशेजारी असते. या लेकरासाठी ते औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकटच मिळायला हवं.

*

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. असे ठिपके दिसले तर त्याची वाट पाहू नका. भिसी-उमरेडमार्गे नागपूर गाठा आणि शासकीय मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत लेकरू दाखवा. पहाटे निघा, उन्हाआधी पोचाल.