गर्दीत न हलणारं काही

विरार स्थानकात सकाळची चर्चगेट फास्ट थांबायच्या आधीच माणसं डब्यात उड्या घेतात. नवा छायाचित्रकार ती उडी पकडायला धावतो. उडी मिळतेही, पण चित्रात सगळेच पळत असल्याने नजर कुठेच टेकत नाही आणि गोष्ट घडत नाही.

याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, चर्चगेटला, छायाचित्रकार रघू राय यांनी १९९५ साली वेगळाच विचार केला. त्यांनी शटर मुद्दाम सावकाश ठेवलं. धावते प्रवासी धुरासारखे विरले, वर्तमानपत्र वाचणारी माणसं तेवढी ठसठशीत उरली. गर्दी टिपायची तर आधी तिच्यात न हलणारं काय आहे ते शोधायचं, हे त्या चित्रावरून कळतं. विरारच्या फलाटावर ती गोष्ट म्हणजे दादरच्या फूलबाजाराकडे निघालेली सोनचाफ्याची टोपली असू शकते, आणि तिच्यावर हात ठेवून बसलेली बाई. कॅमेरा खांबाला टेकवावा, शटर १/८ सेकंदावर ठेवावं आणि गाडी येऊ द्यावी.

वसईतल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात अडचण उलटी. तिथे सगळंच स्थिर! एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवून बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा इतक्या देखण्या दिसतात, की छायाचित्रकार नक्षी टिपून समाधानाने घरी जातो. ते चित्र सुंदर असतं, पण मुकं. त्यात बोंबील उलटसुलट करणाऱ्या बाईचा हात हवा. गुडघे वाकवून कॅमेरा खाली आणला की बाईचं डोकं बांबूंत अडकत नाही, दोन रांगांमधल्या मोकळ्या आभाळावर येतं. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे कलला की तिरप्या उजेडात बोंबील आरपार उजळतात.

पण फोटो काढण्याआधी विचारायला हवं. विचारलं की मावशी पदर सारखा करतात, कॅमेऱ्याकडे बघून हसतात. तो फोटो जरूर काढावा, त्यांना दाखवावाही. मग त्या पुन्हा कामात गुंततात आणि पाहिजे ते चित्र तेव्हा समोर येतं. चोरून काढलेल्या फोटोपेक्षा हे निश्चित सरस, कारण त्यात माणूस अवघडलेला नसतो आणि फसवलेलाही नसतो.

चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात कमानी फार मोह पाडतात. कमानीच्या मधोमध माणूस उभा केला, की इतिहास नुसता पडदा होतो. त्यापेक्षा रुंद लेन्स लावून अवशेषांजवळ क्रिकेट खेळणारी पोरं पुढे घ्यावीत, कमान कडेला अर्धी कापावी, आणि चेंडूमागे धावणारा मुलगा तिच्या सावलीत शिरेपर्यंत बोट शटरवर ठेवावं.