हजार मीटर खोलीवरची नोंदवही
प्रवासाची दैनंदिनी : भाग २

पहिला दिवस : अंधेरी ते मुरगाव
राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, अंधेरीत चार बंगल्याला. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय मात्र गोव्यात, दोना पावलाला. म्हणून मुंबईसमोरच्याच समुद्रात जाण्यासाठी आधी कोकण रेल्वेनं गोवा गाठला. संध्याकाळी मुरगाव बंदरात ‘सिंधू साधना’ या संशोधननौकेवर चढलो.

तिसरा दिवस : उतारावर
मुंबईसमोर उथळ तळ सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायच्या तेलविहिरीही त्या उथळ पाण्यातच येतात. पुढे उतार लागतो. तिथं सुमारे हजार मीटर पाण्यात वर्षभरापूर्वी एक दोर उभा केलेला आहे. तोच आता वर काढायचा होता. तळाशी जड नांगर, त्यावर ध्वनिसंकेतानं उघडणारा हूक, वर तरंगते गोळे आणि माथ्याजवळ प्रवाहमापक. हा मापक वरच्या दिशेनं ध्वनी सोडतो. पाण्यातल्या बारीक जिवांवरून प्रतिध्वनी परततो. न थांबणारी फास्ट गाडी फलाटावरून पुढे गेली की भोंग्याचा सूर उतरतो ना, तसाच सुरातला फरक मोजून तो पाण्याची ओढ ओळखतो.

चौथा दिवस : सकाळ
संकेत पाठवला. पडद्यावर हुकाचं अंतर १,०४० मीटर. पुन्हा विचारलं, तेवढंच. कुणी बोलेना. दुसऱ्यांदा संकेत दिला. १,०४०... ९८५... ९१०. हूक सुटला होता! नांगर तळाशीच राहिला, बाकी सगळं वर निघालं.

“पिवळा! डावीकडं बघा!” खलाशी ओरडला.

गळ टाकून दोर धरला, विंचनं ओढला. माथ्याच्या गोळ्याखाली निळी नायलॉनची दोरी करकचून आवळली होती. कुठल्यातरी जाळ्याचा तुकडा. तिच्या घर्षणानं कडीचा रंग पार उडून लोखंड चकाकत होतं. मी त्यावरून बोट फिरवलं. थोडक्यात वाचलं.

चौथा दिवस : रात्र
मापकातली नोंद संगणकावर उतरली. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे, हे पुस्तकात वाचलं होतं. पण मधूनच काही दिवसांत त्याची दिशा उलटते, हे आलेखावरच दिसलं. सूक्ष्म प्राण्यांचे थवे रोज संध्याकाळी वर येतात, पहाटे खाली उतरतात, तेही त्यात उमटलं होतं.

खोल पाण्यातून रेडिओलहरी येत नाहीत. उपकरण हाती आलं तरच वर्ष हाती येतं, नाहीतर सगळं वर्ष समुद्रातच राहतं. वेसावे, मढ, मनोरीच्या तांडेलांना म्हणूनच विनंती : खोल दर्यात असा पिवळा गोळा दिसला, तर दोर कापू नका, जागा टिपून ठेवा आणि चार बंगल्याच्या केंद्रात कळवा. उद्या भरकटलेली होडी शोधायची वेळ आली, तर पाण्याची ओढ कुठं असेल याचा अंदाज याच नोंदींच्या आधारानं बांधता येईल.