सादळलेले पान

चिखलोली,
श्रावण वद्य पंचमी

तीर्थरूप मामांच्या सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. निपाणीच्या वखारीतून ज्येष्ठात निघालेली तंबाखू येथे दीड महिन्यात बुरसली, तेव्हा वजन वाढवण्यासाठी लॉरीवाल्याने वाटेत पाणी मारले असावे, असा आपला कयास दिसतो. परंतु पोती मी स्वतः उसवून पाहिली असल्याने त्या गरिबावर हा आळ घेण्यास माझे मन धजत नाही. मारलेल्या पाण्याचा डाग तागावर उमटल्यावाचून राहत नाही. येथे डाग कोठेच नव्हता, आणि भिंतीला टेकलेल्या प्रत्येक पोत्यात मात्र पानाच्या जाड शिरेला धरून पांढुरकी, मध्येच हिरवट अशी लव आली होती. गाभ्यात हात घातला तो चक्क ऊब लागली.

वाळलेले पान मिठासारखेच सादळते. हवेची आर्द्रता शेकडा ७० च्या वर टिकून राहिली, की ॲस्परजिलस, पेनिसिलियम या जातींच्या बुरशांना पानाने प्यालेली तेवढी ओल पुरते. आणि येथे, गावाजवळचे धरण भरले असता, हवेची आर्द्रता कित्येक दिवस ८० च्या खाली येत नाही. शिवाय बुरशी स्वतः श्वसन करून उष्णता व पाणी निर्माण करते, त्यामुळे एका पोत्याची ओल शेजारच्या पोत्यास बाधते. माघातल्या पहाटे आपण मला शेतात नेत असा, ते आठवते. उन्हात हात लावताच चुरा होणारे पान दवाने नरम पडले म्हणजे मगच आपण ते उचलू देत असा. तीच ओल येथे उतरावयाची थांबत नाही, एवढाच काय तो फरक.

उघडीप मिळताच माल वाळवून चांगल्यात मिसळावा, ही आपली सूचना मात्र, क्षमा असावी, मला मान्य करवत नाही. उन्हाने कुबट वास जाईल, बीजाणू जाणार नाहीत. आणि नाकाला पदर बांधून दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या बायांच्या छातीत ती धूळ जावी, हे आपणासही रुचणार नाही.

बुरसलेली अकरा पोती वेगळी काढून पुरण्याची तजवीज केली आहे. उरलेली फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचली आहेत. पुढील माल दसऱ्यानंतरच पाठवावा, आणि लॉरीवाल्याचे अडवून ठेवलेले भाडे कृपा करून चुकते करावे.

आपला आज्ञाधारक भाचा